ईदची सुट्टी आणि शाळेचा हजेरीपट

2006 च्या जानेवारीत बकरी ईद 10 तारखेला आली. त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या प्राथमिक शाळांत इंग्रजीची सरकारी परीक्षा होती. यात कुणाचा आकस असेल असं वाटत नाही. वेळापत्रक लावताना ईद कुणाच्या हिशेबातच आली नसावी. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स या भागांतल्या मुस्लिम घरांत मात्र आई-बापांना ठरवावं लागलं, मुलाला नमाजाला न्यायचं की पेपरला पाठवायचं. यावरून ओरड झाली आणि राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा केला: सरकारी परीक्षा धार्मिक सणांच्या दिवशी येऊ नयेत, यासाठी शिक्षण खात्याने मनापासून प्रयत्न करावा. सुट्टीबद्दल त्यात काही नव्हतं. सुट्टीला आणखी नऊ वर्षं लागली.

अमेरिकेतल्या मुसलमानांच्या सार्वजनिक कामाविषयी आपल्याकडे पोचतं ते बहुतेक वेळा मोर्चे, विमानतळावरची अडवणूक, नाहीतर कोण निवडून आलं याची बातमी. शाळेच्या कॅलेंडरातला एक चौकोन रिकामा करून घ्यायला काय काय लागतं, हे कुणी सांगत नाही, कारण ते काम कंटाळवाणं आहे. मला ते फार शिकवणारं वाटतं. ही लढाई भाषणांवर थोडी आणि हजेरीपटावर जास्त लढली गेली, आणि जिथे हजेरीपट कच्चा होता तिथे चांगली माणसं, चांगला हेतू असूनही हरली.

हजेरीपटाला एवढं महत्त्व का, हे तिथल्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती सरकारला कुठल्याही धर्माची तळी उचलू देत नाही. म्हणजे ‘आमचा सण मोठा आहे, आमच्या भावनांचा मान राखा’ हे वाक्य तिथल्या शाळा मंडळापुढे सगळ्यात लंगडं. मंडळाने ते मान्य करून सुट्टी दिली तर उद्या कुणीतरी कोर्टात जाईल. इलिनॉयमध्ये गुड फ्रायडेची शाळेची सुट्टी राज्याच्या कायद्यातच लिहिलेली होती. एका शिक्षिकेने आव्हान दिलं आणि 1995 साली संघीय अपील कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या दिवशी शाळा चालवणं परवडत नाही इतकी मुलं गैरहजर राहतात, असं राज्याला दाखवता आलं नाही. चार वर्षांनी मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ईस्टरच्या आसपासच्या सुट्टीवर असाच खटला झाला, तो वेगळ्या एका अपील कोर्टाने फेटाळला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की रस्ता दिसतो: सुट्टीला धर्माबाहेरचं कारण हवं. आणि ते कारण व्यवहारात एकच असतं, की मुलं आणि शिक्षक इतके गळतात की शिकवणं होत नाही. ज्यूंच्या सणांच्या सुट्ट्या बऱ्याच ठिकाणी याच दाराने आल्या. (नाताळचं वेगळं. तो अर्धा बाजारपेठेचा सण झाला आहे आणि कोर्टांनीही ते मानून घेतलं आहे. इतरांना ही सोय नाही.)

तर आकडा हवा. इथे पहिली ठेच लागते. सरकारी शाळा मुलाचा धर्म नोंदवत नाहीत. जनगणनाही विचारत नाही, धर्माविषयीच्या प्रश्नाचं उत्तर सक्तीचं करता येणार नाही असा 1976 चा कायदाच आहे. जात-धर्माचे रकाने भरून बोटं दुखलेल्या आपल्या माणसाला हे नवल वाटेल, पण तिथे ‘आमची मुलं किती?’ या साध्या प्रश्नाला सरकारी उत्तर नाही. ते संघटनांना स्वतः मिळवावं लागतं. न्यूयॉर्कच्या ईद-सुट्टीच्या मोहिमेला खरा हात दिला तो कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये 2008 च्या सुमारास झालेल्या अभ्यासाने. शहराच्या सरकारी शाळांतलं साधारण दहातलं एक मूल मुस्लिम घरातलं आहे, असा त्याचा अंदाज होता. अकरा लाख मुलांच्या व्यवस्थेत दहातलं एक म्हणजे लाखाच्या वर मुलं. शिवाय हा आकडा एखाद्या मशिदीच्या पत्रकातला नव्हता, विद्यापीठाचा होता.

लोकसंख्येचा अंदाज मात्र अर्धंच काम करतो. मंडळाला हवी असते त्या दिवसाची गळती, आणि ती काढण्यात कसब आहे. माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून शाळावार, दिवसवार हजेरी मागवता येते. मग ईद मंगळवारी आली असेल तर तुलना वर्षाच्या सरासरीशी करायची नाही, आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन मंगळवारांशी करायची. शुक्रवारी आणि लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी हजेरी एरवीही पडते, बर्फ पडलेल्या आठवड्यात पडते, तापाच्या साथीत पडते. हे वजा केलं नाही तर मंडळाचा अधिकारी एका वाक्यात सगळा तक्ता उडवून लावतो. दुसरं, संपूर्ण शहराची सरासरी बघायची नाही, कारण वस्ती विखुरलेली नसते, गठ्ठ्याने असते. शहराच्या सरासरीत दोन-चार टक्क्यांचा खड्डा दिसेल, पण ब्रुकलिनमधल्या बे रिजसारख्या भागातल्या एखाद्या शाळेत एका ईदला 36 टक्के मुलं आलीच नव्हती. तिसरं, शिक्षकांची गैरहजेरी. हे लोक विसरतात. मुलं कमी आली तरी वर्ग चालतो. शिक्षक कमी आले आणि बदली शिक्षक मिळाले नाहीत तर शाळा बंद ठेवणंच स्वस्त पडतं, आणि मंडळाला ही भाषा लगेच कळते.

चौथी अडचण चंद्राची. ती बाहेरच्यांना विनोदी वाटते, आतल्यांना डोकेदुखी असते. काही मशिदी चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ईद मानत नाहीत, काही सौदी अरेबियाच्या घोषणेवर चालतात, काही खगोलगणितावर. एकाच गल्लीत दोन दिवस ईद झाली की गैरहजेरीही दोन दिवसांत वाटली जाते आणि दोन्ही दिवसांचे आकडे निम्मे दिसतात. उत्तर अमेरिकेतल्या फिक्ह कौन्सिलने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या मंडळाने, 2006 मध्ये गणितावर आधारलेलं कॅलेंडर स्वीकारलं. त्यामागे शास्त्रचर्चा होती, पण व्यवहारात त्याचा फायदा असा की शाळा मंडळाला दीड-दोन वर्षं आधी तारीख देता येते. ‘चंद्र दिसला की कळवतो’ हे उत्तर बसची कंत्राटं आणि जेवणाचे ठेके ठरवणाऱ्या कारकुनाच्या काही कामाचं नाही. चंद्र पाहून ईद करणाऱ्यांनी हे गणित सगळीकडे मान्य केलेलं नाही. करायलाच हवं असंही नाही. शाळेची सुट्टी एका तारखेला आणि नमाज दुसऱ्या तारखेला, असं व्हायचंच. फक्त मागणी करताना सगळ्यांनी एकच तारीख सांगायची, एवढं जमवावं लागतं. तेवढ्यासाठी महिनोन् महिने बैठका चालतात.

आता टेबल कुणाचं? न्यूयॉर्क शहरात 2002 पासून शाळा महापौरांच्या ताब्यात आहेत. इतर ठिकाणी निवडून आलेलं शाळा मंडळ असतं, इथे सूत्रं महापौर आणि त्यांनी नेमलेल्या चान्सलरच्या, म्हणजे शाळांच्या प्रमुखाच्या, हातात. मोहिमेने आधी नगर परिषद गाठली. हार्लेममधून निवडून आलेले रॉबर्ट जॅक्सन तेव्हा परिषदेतले एकमेव मुस्लिम सदस्य होते. त्यांनी ठराव मांडला आणि 2009 च्या जूनमध्ये तो जवळजवळ एकमताने पास झाला. पण ठराव म्हणजे शिफारस. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी ती मानली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येकाच्या सणाला शाळा बंद ठेवत गेलो तर शाळा भरायची कधी?

या उत्तरावर चिडणं सोपं होतं आणि बरेच चिडलेही. पण ब्लूमबर्ग यांच्या बोलण्यात एक खरी अट दडलेली होती: 180. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने वर्षाला 180 दिवस शाळा भरली पाहिजे, एक दिवस कमी भरला तर राज्याच्या अनुदानातला एकशेऐंशीवा हिस्सा कापला जाऊ शकतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काही दिवस, जास्तीत जास्त चार, यात धरता येतात. सप्टेंबरात शाळा उघडायची कधी आणि जूनअखेर मिटायची कधी, याला शिक्षक संघटनेच्या कराराची चौकट आहे. बर्फासाठी काही दिवस हाताशी ठेवावे लागतात. एवढ्यात दोन दिवस कुठून काढायचे?

इथे हिजरी वर्षाने मदत केली. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, अधिक मास नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. आपल्या पंचांगात अधिक मास घालून सण ऋतूला बांधून ठेवले आहेत. तिथे तसं नाही, आणि शाळेच्या हिशेबाला ते सोयीचं पडतं. तारखा मांडून बघा. 2015 मध्ये बकरी ईद 24 सप्टेंबरला, गुरुवारी. 2016 ची रमजान ईद जुलैत, म्हणजे उन्हाळी सुट्टीत, नियमित शाळेचा एक दिवसही गेला नाही. 2018 ते 2022 अशी पाच वर्षं बकरी ईद ऑगस्ट-जुलैत होती, तेव्हाही शून्य. 2020 ची रमजान ईद रविवारी आली, म्हणून त्या वर्षी दोन्ही ईद मिळून शाळेचा एकही दिवस बुडायचा प्रश्न नव्हता. ‘दोन सुट्ट्या द्या’ ऐकायला वर्षाला दोन दिवस वाटतात. पुढच्या दहा वर्षांचा तक्ता टेबलावर ठेवला की खर्च बराच कमी दिसतो. माझ्या मते अशा मोहिमेतला सगळ्यात उपयोगी कागद हाच. भाषण दोन-तीन मिनिटांचं असतं, वेळ संपली की माईक बंद होतो. तक्ता फायलीत राहतो.

महापौर नाही म्हणाले तर पुढच्या महापौराला आधीच पकडायचं. 2013 च्या निवडणुकीत मोहिमेने उमेदवारांना एकेक करून हाच प्रश्न विचारला आणि बिल डी ब्लासिओ यांच्याकडून जाहीर होकार घेतला. या टप्प्यावर मशिदी नेहमी गडबडतात, म्हणून करकायद्याची बाजू जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत मशीद, चर्च, देऊळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून चालतात. 1954 पासूनच्या नियमाने अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करता येत नाही. सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्नावली देऊन सगळ्यांची उत्तरं जशीच्या तशी छापणं चालतं. मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या जागेवरून, ‘अमुक भाऊ आपला आहे, त्याला मत द्या’ म्हणणं तेव्हा चालत नव्हतं. कायदे व्हावेत म्हणून लॉबिंग करायला मुभा आहे, पण मर्यादेत. एरवीची धर्मादाय संस्था एक फॉर्म भरून खर्चाची ठरलेली टक्केवारी घेऊ शकते: पहिल्या पाच लाख डॉलरच्या खर्चावर 20 टक्के, पुढे उतरत जाणारी. हा पर्याय प्रार्थनास्थळांना नाही. त्यांना ‘कामाचा मोठा भाग लॉबिंगचा नसावा’ या मोघम कसोटीवर राहावं लागतं. म्हणून शहाण्या मशिदी हे काम वेगळ्या नोंदणीच्या संस्थेकडे किंवा आघाडीकडे सोपवतात आणि स्वतः माणसं, जागा, चहा पुरवतात.

यात एक बारीक गोम आहे, ती कळली तर निम्मी भीती जाते. नगर परिषदेचा ठराव किंवा विधिमंडळाचं विधेयक यासाठी प्रयत्न करणं हे करखात्याच्या लेखी लॉबिंग. पण शाळा मंडळ किंवा बांधकाम परवानग्या देणारं मंडळ ही प्रशासकीय मंडळं धरली जातात. त्यांच्यापुढे जाऊन बोलणं, अर्ज देणं लॉबिंगमध्ये मोजलं जात नाही. कित्येक विश्वस्त ‘आपली करमाफी जाईल’ म्हणून शाळा मंडळाच्या बैठकीलाही जात नाहीत. उलट अनोळखी उमेदवाराला जुम्याच्या गर्दीसमोर उभं करतात. धोका नेमका उलट बाजूला आहे.

4 मार्च 2015 ला डी ब्लासिओ यांनी दोन्ही ईदच्या सुट्ट्या जाहीर केल्या, आणि जागा निवडली ती बे रिजमधली, वर सांगितलेली 36 टक्क्यांची शाळा. ही निवड सहज झाली असेल असं मला वाटत नाही. त्या क्षणी शहराचा महापौर मुस्लिम नव्हता आणि जॅक्सन यांची परिषदेतली मुदत 2013 अखेर संपली होती. ‘आपला माणूस’ खुर्चीत बसल्याशिवाय काम होत नाही, हा समज आपल्याकडे आहे तसा तिथेही आहे. इथे तो खरा ठरला नाही.

जिथे हे फसलं ती माँटगोमेरी काउंटी, वॉशिंग्टनला लागून, सुशिक्षित, सधन, सगळ्या धर्मांची. तिथल्या आघाडीची मागणी न्यूयॉर्कपेक्षाही साधी होती. 2015 च्या सप्टेंबरात ज्यूंचा योम किप्पुर 23 तारखेला होता, त्या दिवशी शाळा तशाही बंद होत्या, आणि गणिताप्रमाणे बकरी ईदही त्याच दिवशी येईल असा अंदाज होता. म्हणजे नवी सुट्टी नको, फक्त कॅलेंडरात योम किप्पुरशेजारी ईदचं नाव छापा. बिनखर्चाची मागणी. पण आधीच्या एका ईदला मुलांना घरी ठेवण्याचं आवाहन करूनही गळतीचा आकडा प्रशासनाला पुरेसा वाटला नव्हता. मंडळापुढे पेच आला. ईदचं नाव छापलं तर गैरहजेरीच्या कारणाचं काय, आणि नाही छापलं तर मग योम किप्पुरचं नाव कशाला? 11 नोव्हेंबर 2014 ला मंडळाने 7 विरुद्ध 1 मतांनी सगळ्याच सणांची नावं कॅलेंडरातून पुसून टाकली. नाताळ, ईस्टर, योम किप्पुर, सगळी. सुट्ट्या तिथेच राहिल्या, नावं गेली. समानता मागणाऱ्यांना समानता मिळाली खरी, पण अशी की शेजारी-पाजारी मुसलमानांकडे बोट दाखवायला लागले, की तुमच्यामुळे आमचा नाताळ गेला. आघाडीने नाव पुसण्याची मागणी कधीच केली नव्हती, आणि हे प्रत्येक पत्रकारापुढे पुन्हा पुन्हा सांगत बसावं लागलं.

गंमत म्हणजे ज्या योगायोगावर सगळी मागणी उभी होती तोही टिकला नाही. 2015 ची बकरी ईद शेवटी 24 ला झाली.

या फसण्यातून पुढची आघाडी शिकली असेल तर ती एवढंच: नाव मागू नका, दिवस मागा, आणि प्रशासनाला आधीपासून हाताशी असलेलं हत्यार सुचवा. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, मुलांना सुट्टीचा असा दिवस प्रत्येक काउंटीकडे असतो. तो कुठे टाकायचा हे मंडळ ठरवतं. माँटगोमेरीनेही वर्षभरातच हा मार्ग धरला आणि 2016 च्या 12 सप्टेंबरला, बकरी ईदला, असा दिवस ठेवला. कॅलेंडरात ईद शब्द नव्हता. मुलं घरी होती. काहींना हे अपुरं वाटलं, आणि नावाची किंमत मी कमी लेखत नाही. पण आठ वर्षांच्या पोराला ईदगाहवर जाता आलं की नाही, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

आता आपल्या घरातली गोष्ट. न्यूयॉर्कच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली तेव्हा तिथल्या मराठी घरांतही आनंद झाला असेल, साहजिक आहे. ती याच पायवाटेने आली. ईदपाठोपाठ 2015 मध्येच चांद्र नववर्षाची सुट्टी जाहीर झाली होती, दिवाळी रखडली, आणि रखडण्याचं मुख्य कारण पुन्हा 180. महापौर एरिक ॲडम्स यांनी 2022 मध्ये जूनमधली ब्रुकलिन-क्वीन्स दिनाची जुनी सुट्टी हटवून त्याजागी दिवाळी बसवण्याचा बेत मांडला. पण तो दिवस राज्याच्या कायद्यातला होता, त्यामुळे गोष्ट विधिमंडळात गेली. विधानसभेत जेनिफर राजकुमार यांनी ती लावून धरली, 2023 च्या जूनमध्ये विधेयक पास झालं आणि त्याच नोव्हेंबरात राज्यपाल कॅथी होकुल यांनी सही केली. तोवर त्या वर्षीची दिवाळी रविवारी होऊनही गेली होती, म्हणून पहिली प्रत्यक्ष सुट्टी 1 नोव्हेंबर 2024, शुक्रवार. दिवाळीची मागणी करणाऱ्यांना ‘प्रत्येकाच्या सणाला सुट्टी कशी देणार’ हे उत्तर शिळं झाल्यावर बोलायला मिळालं. ते शिळं कुणी केलं, हे आपल्या व्हॉट्सॲप गटांत क्वचितच कुणाला आठवतं.

तारखांची कटकट काही संपलेली नाही. 2025 ची रमजान ईद अमेरिकेत बहुतेकांनी रविवारी, 30 मार्चला केली. न्यूयॉर्कच्या शाळांच्या कॅलेंडरात सुट्टी होती सोमवारी, 31 ला. काहींनी तक्रार केली, काहींनी सोमवारी नातेवाइकांकडे जाऊन घेतलं. मुंबईत 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली तेव्हा मुस्लिम मंडळींनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली आणि सरकारने सुट्टी 29 ला हलवली. एका बैठकीत मिटलं. न्यूयॉर्कला तसं करता येत नाही. तिथे एक दिवस हलवला की बस, जेवण, बदली शिक्षक आणि 180 चा हिशेब सगळंच हलतं. म्हणून पुढच्या शैक्षणिक वर्षाचा मसुदा तयार होत असतानाच, म्हणजे बहुतेक ठिकाणी हिवाळा लागायच्या आत, तीन वर्षांच्या संभाव्य तारखा, त्यातल्या शनिवार-रविवारच्या वेगळ्या खुणा आणि मागच्या दोन ईदची शाळावार गैरहजेरी असा दोन पानी कागद कॅलेंडर समितीच्या हातात गेलेला असावा लागतो. मसुदा छापून झाल्यावर गेलेला अर्ज पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो.